मावशी, तुमचा दगड माझ्याकडे होता

वच्छलामावशी,

तुम्हाला लिहून काही उपयोग नाही, हे मला कळतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्ही नाहीच. पण तुमच्यासमोर बसून जे तीन वर्षांत बोलता आलं नाही ते कागदावर तरी एकदा सरळ लिहावं म्हणून बसले आहे. तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. या दिवसांत ऑफिसातून मला दोनदा विचारलं गेलं की तुमच्यावर एक पान लिहून दे, आराखड्याच्या अहवालात छापू, फोटोसकट. पानाला नाव काय, तर ‘लोकसहभागाचा चेहरा’. मी वेळ नाही म्हणून सांगितलं. हे लिहायला मात्र वेळ मिळाला.

तुमची-माझी ओळख मेथीच्या जुडीवर झाली. बंद पडलेल्या काच कारखान्याच्या चाळीस एकरांचं पुढे काय करायचं, याचा आराखडा आमच्या ऑफिसकडे आला होता. घरं, दुकानं, बाग, रस्ते, सगळं नव्याने. त्यात माझं काम लोकांना विचारण्याचं. कारखान्याच्या फाटकासमोर जे मैदान आहे, जिथे पूर्वी ट्रक भरले जायचे, तिथे मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावकडच्या तुम्ही बायका रोज उजाडायच्या आत भाजी आणि फुलं घेऊन बसायचात आणि दहाला उठून जायचात. मी आले साडेनऊला. गळ्यात ओळखपत्र, हातात नकाशा आणि बावीस प्रश्नांचा फॉर्म. तुमच्यासमोर उकिडवी बसून मी विचारलं की मावशी, या जागेचं काय व्हावं असं तुम्हाला वाटतं? तुम्ही जुड्यांवर पाणी मारत होतात. वर न बघता म्हणालात, "विचारायला आलीस का सांगायला?"

विचारायला, असं मी म्हटलं. मग आधी जुडी घे, असं तुमचं म्हणणं पडलं. मी दोन घेतल्या. घरी जाऊन सोडल्या तर बाहेरून कोवळी मेथी आणि आत सगळ्या जून काड्या. पुढच्या खेपेला मी तक्रार केली तेव्हा तुम्ही जराही शरमला नाहीत. तेव्हा ओळख नव्हती, एवढंच म्हणालात, आणि त्या दिवसापासून मला आतबाहेर सारखी जुडी मिळू लागली.

तुम्हाला देवमाणूस करायचं माझ्या मनात नाही. तुम्ही हुकूम सोडायचात. तुमच्या रांगेत कोणी बसायचं, कोणी पाटी किती पुढे सरकवायची, कोणाच्या गिऱ्हाइकाला कोणी हाक मारायची नाही, हे तुम्हीच ठरवायचात. शेवंती फक्त तुमचीच चांगली असायची, बाकीच्यांची कालची. बैठकीला बायका याव्यात म्हणून मी पंधरा दिवस फॉर्म वाटत हिंडले आणि सहाजणी आल्या. मग तुम्ही एकदा रांगेतून चालत गेलात आणि प्रत्येकीला काहीतरी पुटपुटलात. पुढच्या बैठकीला खुर्च्या कमी पडल्या. काय सांगितलंत म्हणून विचारलं तर तुम्ही म्हणालात की न येणारीच्या जागेवर संडास येणार आहे असं सांगितलं.

आपलं भांडण ओट्यांवरून होतं आणि ते तसंच राहिलं. मला वाटायचं की तुम्हाला पक्के ओटे मिळावेत, वर छप्पर असावं, ओट्याला नंबर असावा, नंबरापुढे नाव असावं. म्हणजे उद्या कोणी उठवू शकणार नाही. तुम्ही म्हणायचात, बांधलेला ओटा आज माझ्या नावावर, उद्या एखाद्या दुकानदाराच्या नावावर, आणि मी परत रस्त्यावर. बाकीच्या मंड्यांत हेच झालेलं तुम्ही पाहिलं होतं. तुम्हाला मोकळी जमीन हवी होती, पाण्याचा नळ हवा होता आणि बायकांसाठी कडी लागणारा संडास. मी म्हणायची की मोकळ्या जमिनीला काय पुरावा? ही जागा तुमची कशावरून? तुम्ही हसायचात आणि म्हणायचात, "उजाडायच्या आत ये एकदा. मग कळंल."

मी कधीच आले नाही. मला सकाळी लवकर जमायचं नाही, मुलाची शाळा, डबा, अशी कारणं होती आणि ती खरीही होती. पण तुम्ही मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत होतात आणि माझ्या फॉर्मवर ती लिहायला रकाना नव्हता, हेही तितकंच खरं. बावीस प्रश्नांत वय होतं, गाव होतं, रोज किती किलोमीटर येता ते होतं. तुम्हाला आपली जागा कशी कळते, हा प्रश्न नव्हता.

आता ते दगडांचं लिहिते.

मोठी जाहीर सभा हॉलमध्ये न घेता त्याच मैदानावर घ्यायची, ही कल्पना माझी. मला तिचा फार अभिमान होता. ज्यांची जागा त्यांच्याच जागेवर सभा, असं मी ऑफिसात सांगितलं आणि सगळ्यांना ते आवडलं. तुम्हा सगळ्यांना एक दिवस रस्त्याच्या कडेला बसायची विनंती केली. तुम्ही ती बाकीच्यांना मान्य करायला लावलीत. आदल्या दिवशी दुपारी बाळू मंडपवाला माणसं घेऊन आला. मैदान रिकामं होतं. फक्त दगड होते, सगळीकडे, हात-दोन हातांच्या अंतराने. कुठे फुटका पाटा, कुठे गेरू लावलेली वीट, कुठे नदीतला गोटा. बाळूने विचारलं की ताई, खुर्च्या डगमगतील, हे दगड काय करू? मी म्हटलं, गोळा करून टाक. कुठे टाकू, असं त्याने विचारलं. फाटकाजवळ मोठा खड्डा होता आणि तिथे दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या साहेबांच्या गाड्या लागणार होत्या. मी त्या खड्ड्याकडे बोट दाखवलं.

सहा महिने मी त्या दगडांना ठेचा खात त्या मैदानात हिंडत होते. मला वाटायचं, पडक्या कारखान्याचा राडारोडा आहे. दगड गोळा होत असताना एक निराळा दिसला. हिरव्या काचेचा गोळा, नारळाएवढा, आत बुडबुडे. भट्टीतला असणार. मला तो आवडला. कारखान्याची आठवण म्हणून मी तो पिशवीत टाकला, घरी धुतला आणि ऑफिसच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवला.

सभा उत्तम झाली. तुम्ही माइकवर बोललात. नळाचं बोललात, संडासाचं बोललात, साहेब हसले, टाळ्या पडल्या. अहवालाच्या मुखपृष्ठावर तुमचा तोच फोटो आहे, एक हात कमरेवर आणि एक साहेबांच्या दिशेने. त्या फोटोत तुमच्या पायाखाली दगड नाहीत. मैदान स्वच्छ दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या रांगेत हाणामारी झाली.

मला कमलने फोन केला. कमल आडगावची, माझ्याच वयाची, तुमच्या उजव्या हाताला बसायची. मी पोहोचेपर्यंत शोभाची फुलांची पाटी लाथेने उडाली होती आणि झेंडू मैदानभर झाला होता. कोणालाच आपली जागा सापडत नव्हती. तेव्हा मला कळलं की प्रत्येकीचा एक दगड असतो. पहाटेच्या अंधारात ती पायाने चाचपून आपला दगड शोधते आणि त्याच्या मागे पोतं अंथरते. दुसरीच्या दगडामागे कोणी बसत नाही. एखादी आजारी पडली, बाळंतपणाला गेली, तरी तिचा दगड तिथेच राहतो आणि जागाही राहते. मी ज्या पुराव्याबद्दल तुमच्याशी भांडत होते तो सगळा पुरावा साहेबांच्या गाड्यांखाली खड्ड्यात गेला होता. तुमच्याकडून नकाशा काढून घ्यायचा म्हणून मी सभा घेतली, आणि सभेला मंडप घालायचा म्हणून तुमचा नकाशाच पुसला.

बायका म्हणत होत्या की हे बिल्डरच्या माणसांचं काम. कोणी म्हणालं, मंडपवाल्याचं. मी मान हलवली. मंडपवाल्यांनीच केलं असेल, मी चौकशी करते, असं मी म्हणाले. हे मी स्वतःच्या तोंडाने म्हणाले. मग तुम्ही मला बाजूला घेतलंत, फाटकाच्या खांबाआड. तुमच्या हाताला झेंडूचा वास होता. तुम्ही विचारलंत, "पोरी, तुला काय म्हाईत हाय का?"

"नाही, मावशी," मी म्हटलं.

तेवढं एक ‘हो’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? तुम्ही चार शिव्या दिल्या असत्या. बायकांनी माझं तोंड बघितलं नसतं महिनाभर. कदाचित मला त्या कामावरून काढलं असतं. यापेक्षा जास्त काही होणार नव्हतं, आणि तरी माझ्याच्याने ते झालं नाही. तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ नुसतं बघत राहिलात. मग पदर खोचून रांगेकडे गेलात.

दोन सकाळी तुम्ही रांग लावली. हे मी पाहिलं नाही, कमलने पुष्कळ नंतर सांगितलं. तुम्ही एका टोकापासून चालत निघालात. इथं शोभा, तिच्या डाव्या अंगाला म्हसरूळची म्हातारी, दोन हात सोडून गिरणाऱ्यावाली. जिथे तुम्ही बोट दाखवलंत तिथे नवा दगड ठेवला गेला. दीडशेच्या वर बायकांच्या जागा तुमच्या डोक्यात होत्या. एकाच ठिकाणी अडलं. कमल आणि शोभा दोघीही एकच जागा आपली म्हणत होत्या आणि दोघीही ऐकेनात. तेव्हा तुम्ही कमलला तुमच्या स्वतःच्या जागेवर बसवलंत आणि आपली पाटी उचलून नाल्याच्या कडेला गेलात, जिथे गिऱ्हाईक शेवटी पोहोचतं.

त्यानंतर आठवड्याने मी नोंदणीला आले. आता प्रत्येकीची जागा मोजायची, नंबर द्यायचा, नाव लिहायचं, म्हणजे पुन्हा असा घोळ होणार नाही. तुम्ही नाल्याकाठी दिसलात. इथे कशा, असं मी विचारलं. इथं गार हाय, असं तुम्ही म्हणालात. मी लिहून घेतलं. वत्सलाबाई, पट्टी क्रमांक सहा, नाल्यालगत. सही म्हणून तुमचा अंगठा.

पावसाळा संपत आला तेव्हा तुम्ही आमच्या ऑफिसात आलात. कच्चा नकाशा बघायचा होता. तीन मजले जिना चढून आलात, कारण लिफ्टमध्ये तुम्हाला गुदमरायचं. माझ्या टेबलासमोर बसलात आणि नकाशाआधी तुमची नजर काचेच्या त्या गोळ्यावर गेली. तुम्ही तो दोन्ही हातांनी उचललात. पदराने पुसलात, आधीच स्वच्छ असून. उजेडाकडे धरलात. मग विचारलंत, "हा कुठनं आनला?"

"जागेवर सापडला," मी म्हटलं.

"सापडला व्हय," तुम्ही म्हणालात आणि गोळा परत कागदांवर ठेवलात, अगदी होता तिथेच. मग चहा मागितलात, साखर जास्त.

देवाशप्पथ, मावशी, तेव्हा मला ठाऊक नव्हतं. महिन्याभराने कमल बोलता बोलता म्हणाली की सगळ्यांनी नवे दगड ठेवले, पण मावशींचा काही दगड नव्हताच, काच होती. हिरवी. त्यांचे मालक भट्टीवर कामाला होते. कारखाना बंद झाला त्या दिवशी भट्टीतनं काढून आणलेली. मालक गेल्यावर मावशी भाजी घेऊन फाटकासमोर बसायला लागल्या, तेव्हापासून तीच काच ठेवायच्या, पाटीआड. कमल हे सांगत असताना मी हातातल्या फॉर्मवर काहीतरी लिहीत राहिले. काय लिहिलं ते नंतर मलाच वाचता आलं नाही.

ऑफिसात गेले आणि गोळा खालच्या खणात ठेवून दिला. परत करायचा हे नक्की होतं. पण परत करायचा म्हणजे कुठून आला ते सांगायचं, आणि ते सांगायचं म्हणजे आधी ‘नाही मावशी’ म्हटलं होतं तेही सांगायचं. आराखडा मंजूर झाला की देऊ, असं ठरवलं. मग दसरा झाल्यावर. तुम्ही दसऱ्याच्या गडबडीत होतात. मग दिवाळी झाल्यावर. तुमच्या नातीचा साखरपुडा झाला, मी आले होते. मंडप बाळूचाच होता. मी मनातल्या मनात म्हटलं, मावशींचं मन मोठं, त्यांनी बाळूला माफ केलं. त्या मंडपात मी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या.

एक सांगते. त्या काळात आपला वाद झाला की तुम्ही गप्प व्हायचात आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायचात. माझी तेवढ्यानेच फे फे उडायची. नळ नकाशावर आला तो त्या बघण्यामुळे. बायकांचे संडास मैदानाच्या मागे जायचे ते पुढे आले तेही त्यामुळेच. ऑफिसात मी या दोन गोष्टींसाठी सरांशी जितकी भांडले तितकी पगारासाठीही भांडले नाही. सर म्हणायचे, तुला त्या म्हातारीने काय केलंय काय? मला वाटायचं की मला अपराधी वाटतं म्हणून मी भांडते आहे, तुम्हाला यातलं काही माहीत नाही. मी किती शहाणी होते बघा.

मग तुम्ही आजारी पडलात. दवाखान्यात मी दोनदा आले. दोन्ही वेळा काचेचा गोळा पिशवीत होता, खाली, सफरचंदांच्या. दोन्ही वेळा सफरचंदं ठेवली आणि गोळा घरी घेऊन गेले. दुसऱ्या वेळी तुमचा आवाज खोल गेला होता. तुम्ही म्हणालात, "तुझ्या मॅपवर मी कुठं हाय?"

तेव्हा अंतिम नकाशा माझ्या मोबाइलमध्येच होता. नाल्याच्या कडेने रस्ता गेला होता. पट्टी क्रमांक सहामधल्या नऊजणींना ओटे नव्हते. त्यांच्या नावांपुढे ‘दुसऱ्या टप्प्यात विचार’ असं लिहिलेलं होतं, आणि दुसरा टप्पा म्हणजे काय हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. मी तुमचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "पुढच्या रांगेत आहात, मावशी. पक्कं आहे."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत. तुमच्याशी माझं हे शेवटचं बोलणं, आणि तेही खोटं.

तुम्ही गेल्यावर मी तुमच्या घरी आले होते. तुमची सून सुनीता मला बघून उठली, पाणी दिलं, शेजारी बसली. आता तुमच्या जागी नाल्याकाठी तीच बसते. म्हणजे उद्या रस्ता झाला की उठणार तीही. मला हे घरी जाऊन, जेवायला बसल्यावर सुचलं. ताट तसंच राहिलं.

आराखड्यावर हरकती घ्यायची मुदत आज संपते. परवा मी सरांना सांगितलं की पट्टी सहाची नोंद चुकीची आहे, दगड हलवल्यानंतरची आहे, आणि दगड मी हलवायला लावले. सर म्हणाले, आपणच केलेल्या आराखड्यावर तू हरकत घेणार? आणि दगडांचा काय पुरावा देणार? मी तुम्हाला विचारायचे तोच प्रश्न. मी म्हटलं, मीच पुरावा. त्यांनी मला दोन दिवस घरी बसून नीट विचार करायला सांगितलंय. अर्ज मी लिहून ठेवला आहे. त्यात बाळूचं नाव घेऊन त्याचा दोष नव्हता, असंही लिहिलंय. नोकरीचं काय होईल ते होईल. पण हा अर्ज दुपारी साहेबांच्या टेबलावर देण्याआधी तुमच्या रांगेत जाऊन हे बोलायला हवं होतं. कागदावर कबूल होणं मला जमतं, माणसांपुढे जमत नाही, आणि गोष्ट तर माणसांची होती.

म्हणून आज मी उजाडायच्या आत आले, मावशी. पहिल्यांदा.

रिक्षावाल्याने फाटकाशी सोडलं. मैदानात दिवे नाहीत, मला काही दिसेना. मग टेम्पो आले, पाठोपाठ बायका उतरू लागल्या, आणि मी ते पाहिलं. डोक्यावर पाटी तशीच, चप्पल काढलेला एक पाय पुढे, जमिनीवर फिरतोय. दगड लागला की पाय थांबतो. पाटी उतरते, पोतं अंथरलं जातं. कोणी कोणाला काही विचारत नाही. अर्ध्या तासात सगळं मैदान आपापल्या जागी बसलं होतं. आमचा सर्व्हे तीन आठवडे चालला होता.

सुनीता नाल्याकाठी जुड्या मांडत होती. मी पिशवीतून गोळा काढला आणि तिच्यासमोर धरला. मला वाटलं होतं ती दचकेल. तिने हात पुसले आणि म्हणाली, "आनला का?"

तिने मग सांगितलं, जुड्या मांडत मांडतच. बाळू सभेनंतर चौथ्या दिवशी तुमच्या घरी येऊन सगळं सांगून गेला होता. त्याला तुम्ही गप्प राहायला सांगितलंत आणि पुढचं मंडपाचं काम त्यालाच दिलंत. माझ्या टेबलावर गोळा बघून घरी आलात तेव्हा सुनीता तावातावाने निघाली होती माझ्याकडे. तुम्ही तिला बसवलंत. "आत्या म्हनल्या, कुनी मागायचा नाय. ती सोताहून आनंल." पुढची जुडी ठेवत ती म्हणाली, "दवाखान्यात तुम्ही येऊन गेल्या की इचारायच्या, आनला व्हता का."

दोन्ही वेळा विचारलंत तुम्ही. दोन्ही वेळा तो तुमच्या खाटेपासून हातभर अंतरावर होता.

तुम्ही मला वेळ दिला होतात की नळ आणि संडास पदरात पडेपर्यंत ते माझ्यावर शेकत ठेवलं होतंत, मला माहीत नाही. दोन्ही असेल. तुमच्या बाबतीत मला ते पटतं. ओट्याचं मात्र अजून माझं तेच म्हणणं आहे, पावसात छप्पर हवं. दगडाचं तुमचं खरं होतं. छपराचं नाही.

हा ठेवू कुठे, असं मी सुनीताला विचारलं. "मला काय म्हाईत?" ती म्हणाली. "मॅप तुमच्याकडं हाय ना." मॅपचा काही उपयोग नव्हता. तुमची खरी जागा कोणती, हे माझ्या एकाही नकाशावर नाही; ती तुम्ही कमलला दिली होतीत. मी तो गोळा दोन्ही हातांत धरून रांगेतून चालत गेले आणि कमलसमोर थांबले. तिच्याभोवती गिऱ्हाइकं होती. आजूबाजूच्या चारपाचजणींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हटलं, "कमल, मी विचारायला नाही आले, सांगायला आलेय. दगड बाळूने नाही उचलले. मी उचलायला लावले होते."

शोभाने मान वर केली आणि परत हार ओवायला लागली. कमलने माझ्या हातातला गोळा घेतला, आपली पाटी वीतभर उजवीकडे सरकवली आणि तो स्वतःच्या दगडाला लागून जमिनीत नीट दाबून बसवला. मग तराजू उचलला.

"म्हाईत हाय, ताई," ती म्हणाली. "बाजूला सरा जरा, गिऱ्हाईक हाय."

मी बाजूला सरले.